ऐकून घेणारे साहेब

१९७३ ची दिवाळी मानवतमध्ये दिवस मावळायच्या आत उरकली. खरं तर त्या साली गावानं दिवाळी दणक्यात करायला हवी होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी आणि लाल मिलो खाऊन माणसं कशीबशी तगली होती. त्र्याहत्तरला पाऊस पडला, कापूस वेचणीला आला, जिनिंगच्या आवारात पुन्हा बैलगाड्यांची रांग लागली. माझे वडील त्याच जिनिंगवर मुनीम होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आईनं कितीतरी दिवसांनी घरात तेलाची कढई चढवली होती. पण पणत्या लागल्या त्या उजेड असतानाच, आणि अंधार पडायला लागला तशा गल्लीतल्या सगळ्या दारांना आतून कड्या लागल्या. नोव्हेंबर १९७२ पासून आमच्या शिवारात लहान मुली आणि बायका मारल्या जात होत्या. कोण मारतं, कशासाठी मारतं, काहीच कळत नव्हतं. बाया कापूस वेचायला जायच्या त्या जथ्यानं जायच्या, आणि डोक्याएवढी वाढलेली तूर दिसली की पाय उचलायच्या.

मानवत म्हटलं की आता सगळ्यांना तेवढंच आठवतं. मला आधी आठवतं ते कापसाचं गाव. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गावाच्या हवेतच कापसाचे तंतू तरंगायचे. दादा घरी आले की त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. स्टेशन गावापासून लांब, त्याचं नावच मानवत रोड. तिथून मनमाड–काचीगुड्याची छोटी लाइन जायची, आणि परभणीला जायचं म्हणजे आम्हा पोरांना मुंबईला निघाल्यासारखं वाटायचं. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरायचा आणि आख्खा जिल्हा तिथं लोटायचा. हिंदू कोण, मुसलमान कोण, हे त्या गर्दीत कुणी विचारायचं नाही. पौषात शेतावर हुरडा, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. हे सगळं त्या दीड वर्षात आमच्या हातून गेलं होतं. भीतीनं काय नेलं ते मोठ्यांनी वेगळं मोजलं असेल. आम्हा लेकरांची संध्याकाळ तिनं नेली.

त्या हिवाळ्यात मुंबईहून तपासाचं पथक आलं. त्याचे प्रमुख होते रमाकांत कुलकर्णी. दादा ‘दैनिक मराठवाडा’ अथपासून इतिपर्यंत वाचायचे. त्यांनीच आम्हाला सांगितलं, की मुंबईत १९६८ साली फुटपाथवर आणि झोपड्यांत निजलेल्या माणसांना मारणाऱ्या रमण राघवचा तपास याच साहेबांच्या देखरेखीखाली झाला होता. त्या तपासातली एक गोष्ट मला पुढं नोकरीत फार उपयोगी पडली. राघवला रस्त्यावर ओळखलं ते ॲलेक्स फियालो नावाच्या उपनिरीक्षकानं. फोटो त्यानं नीट पाहून ठेवला होता, म्हणून ऐन गर्दीत नजर अडकली. वरचा माणूस कितीही हुशार असो, गुन्हेगार समोरून जातो तो खालच्या माणसाच्या. त्या खालच्या माणसाची नजर जागी ठेवणं हेच वरच्याचं काम.

गावात त्या पथकाला सगळे ‘सीआयडीवाले’ म्हणायचे. काटेकोर बोलायचं तर मुंबई शहराची गुन्हे शाखा वेगळी आणि पुण्यात मुख्यालय असलेला राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग वेगळा. मानवतच्या माणसाला त्या फरकाशी घेणंदेणं नव्हतं. बाहेरून आलेला, गावातल्या कुणाशी सोयरीक नसलेला आणि शांतपणे विचारणारा पोलीस म्हणजे सीआयडी, एवढंच त्याला माहीत होतं.

आमच्या ओसरीवरही साध्या कपड्यातले दोघं येऊन बसले होते. मला वाटलं, दादांना विचारतील. त्यांनी आईला विचारलं. पाणी कुठून आणता, सरपणाला कोणत्या वाटेनं जाता, कोणत्या दिवशी कोण सोबत असतं, गेल्या अमावास्येला गावात कोण नवं दिसलं. आई आधी पदर तोंडाला लावून एकेक शब्द बोलत होती. मग बोलत सुटली. तिला सगळं ठाऊक होतं: कुणाच्या घरी कुणाची ये-जा वाढली, कुणी अंगारा-धुपारा घेतला, कोण मूल होत नाही म्हणून कुणाच्या दारी गेलं, कुणाच्या तोंडी गुप्तधनाची भाषा यायला लागली. ते दोघं उठून गेल्यावर ती दादांना म्हणाली, “आपून एवढं बोलतो तर कुनी ऐकून घेतंय, हे मला आजच कळलं बगा.” तिच्या त्या बोलण्यातून तपासाला काही मिळालं की नाही, हा मुद्दा माझ्यासाठी मोठा नाही. त्या रात्री कडी लावताना तिचा हात थरथरला नाही, हे मी पाहिलं.

अखेर उलगडा झाला. पाच लहान मुली, वर्षाचं एक बाळ आणि चार स्त्रिया एवढे जीव गेले होते, आणि त्यामागं गुप्तधनाची आणि मूल होण्याची हाव, मांत्रिकाचे सल्ले असं सगळं अघोरी गुंतलेलं होतं. परभणीच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला, उच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला. काहींना शिक्षा झाली, काही निर्दोष सुटले. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्यावर किती विसंबायचं, हा त्यातला कळीचा प्रश्न. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात नेमकं सांगितलं, की त्याचं म्हणणं पुरावा म्हणून चालतं, पण महत्त्वाच्या बाबींना दुसरीकडून पुष्टी मिळाली पाहिजे. पोलिसांना बळाचा मोह होतो, तो वेळीच खुडला पाहिजे, अशी ताकीदही त्याच निकालात आहे. ऐका, आणि ऐकलेलं पडताळा. हात मात्र उगारू नका. माझ्या गावच्या दुःखातून देशाच्या न्यायाला मिळालेला हा धडा आहे, आणि मी तो आयुष्यभर जपला.

मी परभणीच्या पोलीस मुख्यालयात शिपाई म्हणून भरती झालो. दादांना मी शिक्षक व्हावं असं वाटायचं, पण पोरगा पोलिसात का चालला हे त्यांना न सांगताच कळलं होतं. अक्षर बरं म्हणून लवकरच ठाण्यात रायटरच्या हाताखाली बसलो. त्या ठाण्यात एक म्हातारे जमादार होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, म्हणजे उर्दूतलं. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं, तोवर आमच्याकडं ठाण्याचं दप्तर उर्दूत चालायचं आणि ठाण्याच्या प्रमुखाला अमीन म्हणायचे. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. जमादारांनी हे सगळे बदल एकाच वर्दीच्या नोकरीत पाहिले होते. जमिनीच्या जुन्या वादातला एखादा कागद आला की सगळे त्यांच्याकडं धाव घ्यायचे. ते चष्मा पुसून उजवीकडून डावीकडं वाचत जायचे आणि मला मराठीत सांगायचे. “बेटा, कागज झूट नहीं बोलता, लिखनेवाला बोलता है,” असं त्यांचं एक वाक्य होतं. जबाब लिहायला मी त्यांच्याकडून शिकलो.

पुढं खात्यात वर सरकत गेलो आणि सीआयडीच्या औरंगाबाद घटकात बदली झाली. खात्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगतो: सीआयडीत बदली झाली की पेढे वाटत नाहीत. तिला साइड पोस्टिंग म्हणतात. ठाणं नाही, हद्द नाही, बंदोबस्त नाही, दिव्याची गाडी नाही. शासनानं, उच्च न्यायालयानं किंवा पोलीस महासंचालकांनी सोपवलेली अवघड प्रकरणं तेवढी येतात, आणि ती बहुतेक वेळा आधी दुसऱ्याच्या हातून गेलेली, पंचनाम्याची शाई वाळलेली, साक्षीदार पांगलेले अशी असतात. नाराज होऊन आलेली माणसं आणि शिळ्या झालेल्या केसेस. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचा प्रमुख होणं म्हणजे या दोन्हींत जीव ओतणं.

मुख्यालय पुण्याला. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सगळ्यात भुरळ घातली ती अंगुलीमुद्रा केंद्रानं. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं केंद्र १८९७ साली कलकत्त्यात निघालं, आणि ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत पुढं एडवर्ड हेन्रीच्या नावानं जगभर गेली, तिच्यामागं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांची मेहनत होती. प्रांताप्रांतांत सीआयडी उभी राहिली ती १९०२–०३ च्या फ्रेझर आयोगाच्या शिफारशीवरून. त्या वेळी आमची परभणी निजामाकडं होती, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात नव्हती. पुण्याच्या त्या दालनात उभं राहिलो तेव्हा उर्दू दप्तराचे जमादार मला फार आठवले.

आता ज्या साहेबांसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडं येतो. माझ्या काळात सीआयडीचे प्रमुख अनेक झाले आणि बहुतेक चांगले होते. पण एक साहेब आमच्या मनात कायमचे राहिले. त्यांचं नाव लिहीत नाही; स्वतःचं नाव पेपरात आलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

ते पहिल्यांदा परभणीला आले ते रात्रीच्या गाडीनं. सकाळी विश्रामगृहावर आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून, फायली छातीशी धरून हजर. त्यांनी अधिकाऱ्यांना बसवलं, चहा सांगितला आणि सगळ्यात आधी प्रश्न विचारला तो सगळ्यात कनिष्ठ शिपायाला: “या प्रकरणात तुला काय वाटतं?” तो बिचारा घामाघूम झाला. पण बोलला, आणि चांगलं बोलला. खालून वर विचारत जायची ही त्यांची रीत शेवटपर्यंत मोडली नाही. वरिष्ठ आधी बोलले की खालच्यांचं मत तिथंच विरघळतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आढावा बैठकीत ते किती प्रकरणं निकाली काढली हे विचारायचे, पण नंतर. आधी विचारायचे, शेवटचं फिर्यादीला कधी भेटलात? केस डायरीत साक्षीदाराच्या तोंडी पुस्तकी मराठी दिसली की वही परत. “बाईनं भाकर म्हटलं असेल तर भोजन लिहू नका. कोर्टात वकील विचारेल, तुम्ही भोजन म्हणालात का? ती नाही म्हणेल, आणि तुमची केस तिथंच बसेल.” मंत्र्या-पुढाऱ्यांचे फोन आले तर त्यांची एकच सूचना असायची: माझा नंबर द्या. ते फोन ते स्वतः घ्यायचे आणि त्यातला एक शब्दही तपासी अंमलदारापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. पत्रकार परिषद असली की मात्र तपासी अंमलदाराला पुढं बसवायचे. आमच्या घटकात बदली मागायला बसलेले दोन अधिकारी त्यांच्या काळात अर्ज मागं घेऊन थांबले.

एक प्रकरण सांगतो. गोदाकाठच्या एका गावातली पतसंस्था बुडाली होती. ठेवीदारांच्या हितासाठी राज्यानं १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, त्यानंतरची ही गोष्ट. ठेवीदारांत एक म्हातारी विधवा होती. संस्थेच्या वह्यांप्रमाणं तिनं आपली रक्कम आधीच काढून नेली होती. पावतीवर अंगठाही होता. ती म्हणत होती, मी एक पैसा उचलला नाही. कागद एकीकडं आणि निरक्षर बाई एकीकडं. आम्ही तिचं नाव यादीतून जवळजवळ वगळणार होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, चला, तिच्याकडं जाऊ.

दुपारची वेळ होती. साहेब तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले. म्हणाले, “आजी, पैसे कधी-कधी भरले ते सांगा. तारीख नको, आठवेल तसं सांगा.” आणि त्या माउलीनं सांगायला सुरुवात केली. खोंड विकला तवा एवढे. थोरलीचं लगीन झालं त्या साली काहीच नाही. गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी एवढे. कापसाला भाव आला तवा एवढे. मी लिहीत होतो, आणि पासबुक उघडून एकेक नोंद ताडून बघत होतो. सगळ्या जुळल्या. मग साहेबांनी पावतीवरच्या तारखेचा दिवस आणि तिथी सांगून विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठं होता? ती पटकन म्हणाली, “धाकटीला कळा लागल्या हुत्या. परभनीला दवाखान्यात हुते की मी, तीन रात्री.”

दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तिच्या लेकीच्या बाळंतपणाची नोंद सापडली, तारीख तीच. तरी साहेबांचं समाधान नव्हतं. पावती आणि म्हातारीच्या अंगठ्याचा ठसा पुण्याच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडं गेला. अहवाल आला: पावतीवरचा अंगठा तिचा नव्हे. एका पावतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असा तो सगळा बनाव उलगडत गेला आणि दोषारोपपत्र भक्कम उभं राहिलं.

ठसा जुळला नाही हे सांगायला गेलो तेव्हा तिनं मला बसवून घेतलं, ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. म्हणाली, “मला लिहिता येत न्हाई म्हनून माझा अंगठा घेतात. आज माझा अंगठाच माझ्या बाजूनं बोलला.” परत आल्यावर मी हे साहेबांना सांगितलं. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, हे वाक्य प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत जा. मी सांगत आलो.

ऐकून घेण्याचं हे बळ मी खात्यात इतरत्रही पाहिलं. १९९४ मध्ये जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं, तेव्हा अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांची नावं आमच्या लाइनीत आदरानं घेतली जायची. बोलायलाच तयार नसलेल्या मुलींना बोलतं करणं म्हणजे काय, हे ज्यानं असा जबाब घेतला आहे त्यालाच कळेल. तिथं दंडुका काय कामाचा? समोरच्या माणसावर विश्वास बसावा लागतो, आणि तो वरून खालपर्यंत सगळ्यांच्या वागण्यातून बसतो.

म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या परभणीत जे झालं त्यानं जीव फार तुटला. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, मग बंद, अटका, आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू. चौकशी सीआयडीकडं आली, आणि पुढं २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. प्रकरण न्यायालयासमोर आहे, त्यावर मी अधिक बोलणार नाही. पण १९७७ च्या निकालातली ताकीद माझ्याच जिल्ह्यातल्या खटल्यात दिली गेली होती, हे आमच्या पोलीस ठाण्याच्या प्रत्येक भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. संशय खात्यावरच असतो तेव्हा सीआयडीच्या प्रमुखाची खरी कसोटी लागते. खाकी अंगात असूनही त्याला पीडिताच्या ओट्यावर जाऊन बसता आलं पाहिजे.

मानवतवर १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ हा सिनेमा काढला, विजय तेंडुलकरांनी तो लिहिला होता. २०२४ मध्ये कुलकर्णींच्या पुस्तकावरून ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली आणि नातवंडं मला रोज प्रश्न विचारू लागली. त्यांना मी जादूटोणाविरोधी कायद्याचंही सांगतो. तो यायला २०१३ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. मांत्रिकाच्या शब्दावर गावानं विश्वास ठेवला तेव्हा लेकरं गेली. वहीत नोंद करून पडताळणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवला तेव्हा ती थांबली. मानवतच्या संध्याकाळी परत आल्या त्या अशा. पुढच्याच वर्षी आम्ही पोरं पुन्हा अंधार पडेपर्यंत लपाछपी खेळलो, आणि आई दारात उभी राहून हाका मारत राहिली.

परभणीत आज गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. जिंतूर, पालम, सोनपेठ, सेलू, पाथरी, कुठकुठून आलेली शेतकऱ्यांची मुलं-मुली तिथं रात्र-रात्र बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यातले काही उद्या फौजदार होतील, एखादी पोरगी अधीक्षक होईल, आणि कुणी सांगावं, एखादी पुण्याच्या त्या खुर्चीतही बसेल. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: सीआयडीत नेमणूक झाली तर ती शिक्षा समजू नका. आपल्याकडं येणारा माणूस सगळी दारं ठोठावून आलेला असतो. त्याचं ऐकून घ्या, त्याच्याच शब्दांत लिहा, आणि मग जीव लावून पडताळा. हाताखालच्या शिपायाला आधी बोलू द्या. एवढं केलंत तर परभणीची माणसं तुम्हाला विसरणार नाहीत.